बेअर्सचे आजवरचे सगळ्यात भारी रनिंग बॅक: पेटननंतर दुसरा नंबर कुणाचा?

फॉक्सव्हॅलीवाला:
नमस्कार मंडळी. शिकागोच्या पश्चिमेला राहतो, बारा वर्षं झाली इथं येऊन. पहिली दोन वर्षं फुटबॉल (अमेरिकन, सॉकर नव्हे) मला काही म्हणजे काही कळायचा नाही, मग ऑफिसातल्या लोकांनी नाद लावला आणि आता सप्टेंबर लागला की रविवारी दुपारी बाराला आमच्या घरात कुणी फोनसुद्धा उचलत नाही. पोरगा तेरा वर्षांचा, फ्लॅग फुटबॉल (धडक न देता कमरेची पट्टी ओढून थांबवायचा प्रकार) खेळतो आणि त्याला रनिंग बॅकच व्हायचंय. परवा जेवताना तो आणि माझा एक मित्र असे काही भांडले की भाजी गार झाली तरी दोघं ऐकेनात. विषय, शिकागो बेअर्सचे आजवरचे टॉप पाच रनिंग बॅक.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, रनिंग बॅक म्हणजे क्वार्टरबॅकच्या (बॉल वाटणाऱ्या आणि पास टाकणाऱ्या खेळाडूच्या) हातातून बॉल घेऊन समोरच्या अकरा जणांतून वाट काढत पळणारा गडी. कबड्डीतल्या चढाईची आठवण येते मला तरी, फक्त इथं पुढे आपलेच पाच दांडगे लोक वाट करून देत असतात आणि ती वाट अर्धा सेकंद उघडी राहते, तेवढ्यात निसटायचं.

माझी यादी अशी: १. वॉल्टर पेटन, २. गेल सेयर्स, ३. मॅट फोर्टे, ४. ब्रॉन्को नगुर्स्की, ५. नील अँडरसन.

पहिल्या नंबरवर वाद नाहीच. भांडण दुसऱ्यावर आहे. मित्र म्हणतो सेयर्स सगळे मिळून ६८ सामने खेळला, धावून काढलेले यार्ड (बॉल पुढे नेलेलं अंतर, एक यार्ड म्हणजे तीन फूट) ४,९५६, आणि फोर्टेनं बेअर्ससाठी ८,६०२ काढले, म्हणजे जवळपास पावणेदोन पट, मग सेयर्स वर कसा? पोरगा म्हणतो बाबा तुम्ही त्याच्या क्लिप बघा आणि मग बोला. मी बघितल्या, आणि मला पोराचंच पटतंय, पण मित्राला काय उत्तर द्यायचं ते सुचत नाहीये. ज्यांनी हे लोक प्रत्यक्ष बघितलेत त्यांनी कृपया लिहा.

जुना_शिकागोकर:
चांगला विषय काढलात. मी १९८२ साली शिकायला आलो शिकागोत. सेयर्सला मैदानात बघायचं भाग्य नव्हतं, तो १९७१ लाच संपला होता, पण पेटन डोळ्यांनी बघितलाय, म्हणून आधी त्याच्याबद्दल लिहितो आणि मग तुमच्या प्रश्नाकडे येतो, कारण पेटन का पहिला हे नीट कळलं की दुसरा कोण तेही ठरवता येतं.

त्याच्या पहिल्याच सामन्यात, १९७५ ला, त्यानं आठ वेळा बॉल घेतला आणि एकूण यार्ड किती, तर शून्य. तिथून सुरुवात करून तेरा सीझन, १६,७२६ यार्ड, आणि एवढ्या वर्षांत सामना चुकला फक्त एक, तोही पहिल्याच वर्षी. हे लोक आकडा म्हणून वाचतात पण रनिंग बॅकच्या शरीराचं काय होतं ते बघितलेल्या माणसाला विचारा. दर रविवारी वीस-पंचवीस वेळा शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर घ्यायची. आणि पेटन तर साइडलाइनच्या बाहेर पाऊल टाकून सुटायचाच नाही! बाकीचे मार चुकवायला बाहेर जातात, हा उलटा आत वळून टॅकल करणाऱ्यालाच, म्हणजे पाडायला येणाऱ्यालाच, धडक द्यायचा. ते बघताना अंगावर काटा यायचा. ऑफ सीझनला एका टेकडीवर वरखाली पळत राहायचा, त्याच्याबरोबर पळायला गेलेले लोक अर्ध्यात बसायचे असं तेव्हा सगळीकडे ऐकू यायचं.

७ ऑक्टोबर १९८४, न्यू ऑर्लीन्स सेंट्सविरुद्ध बेअर्सच्या सोल्जर फील्ड मैदानावर त्यानं जिम ब्राऊनचा कारकिर्दीतल्या १२,३१२ यार्डांचा लीगचा (एनएफएल) रेकॉर्ड मोडला त्या दिवशी मी तिथं होतो, लॅबमधल्या एकाला जमणार नव्हतं म्हणून त्याचं तिकीट मला मिळालं होतं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये डावीकडे एक साधी धाव, पाच-सहा यार्डांची, आणि सगळं स्टेडियम उभं. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी मला ओळखदेख नसताना मिठी मारली आणि रडत होते. मला तेव्हा खेळाचे नियमसुद्धा पूर्ण येत नव्हते, पण त्या क्षणी हे गाव माझं झालं हे मी आजही सांगतो.

एकच सल आहे. जानेवारी १९८६ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या फायनलमध्ये, बेअर्सनी पेट्रियट्सना ४६-१० असं धुतलं, आणि गोल लाइनवरून एका यार्डाचा टचडाउन (बॉल समोरच्यांच्या गोल लाइनपलीकडे नेणं) 'रेफ्रिजरेटर' टोपणनावाच्या पेरीला दिला, पेटनला एकही नाही. दहा-अकरा वर्षं पडक्या टीमला पाठीवर घेऊन चाललेल्या माणसाला तो एक यार्ड द्यायला हवा होता. कोच डिटकांनी स्वतः नंतर अनेकदा त्याची खंत बोलून दाखवली. मला अजून वाईट वाटतं.

आता दुसरा नंबर. माझं मत सेयर्स. कारण पुढच्या पोस्टमध्ये लिहितो, नातू उठलाय.

आकडेमोड_पुणे:
मी पुण्यातून बघते. शिकागोचा दुपारचा सामना म्हणजे आमच्याकडे रात्री साडेदहा, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं बदलली की साडेअकरा, सोमवारी ऑफिसात डोळे कसे असतात ते विचारू नका. शिकागोत दोन वर्षं होते तेव्हा लागलेली सवय, ती काही सुटत नाही.

मी तुमच्या मित्राच्या बाजूची. फोर्टे दुसरा. आणि फक्त धावलेले यार्ड मोजून नाही म्हणत, ते मोजले तर सेयर्स दुसरा काय तिसरासुद्धा येत नाही. बेअर्सची यादी पेटन १६,७२६, फोर्टे ८,६०२, नील अँडरसन ६,१६६, मग रिक कसारेस ५,६५७ आणि मग पाचवा सेयर्स. म्हणजे सेयर्स त्याच्या काळातसुद्धा टीमचा आजवरचा सगळ्यात जास्त यार्डवाला कधीच नव्हता, तो मान पेटन येईपर्यंत कसारेसकडे होता.

पण माझा खरा मुद्दा कॅचचा आहे. फोर्टे नुसता धावायचा नाही, त्यानं बेअर्ससाठी हवेतून ४,११६ यार्ड काढले, दोन्ही मिळून १२,७१८ होतात. २०१४ ला त्यानं १०२ कॅच घेतले, रनिंग बॅकसाठी तो तेव्हा लीगचा रेकॉर्ड होता, आणि त्याच वर्षी धावून हजाराच्या वर. एका सीझनमध्ये हजार यार्ड धाव आणि शंभर कॅच हे त्याच्या आधी फक्त टॉमलिन्सनला जमलं होतं. आणि हे कुठल्या टीममध्ये? आठ वर्षांत तीन हेड कोच, दर थोड्या दिवसांनी नवी पद्धत, समोरची ब्लॉकिंग (वाट करून देणं) कधी आहे कधी नाही. तरी हा माणूस दर रविवारी उभा. क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्याला अडवण्याचं काम, जे क्लिपमध्ये दिसत नाही, ते तो इतकं मन लावून करायचा की मी कितीदा तेच बघायला रिवाइंड करायचे.

२०११ च्या जानेवारीत ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध कॉन्फरन्स फायनल (सुपर बोलच्या आधीचा सामना) हरलो त्या दिवशीसुद्धा फोर्टे शेवटपर्यंत लढत होता. त्याला सुपर बोल मिळाला नाही, मोठं टोपणनाव मिळालं नाही, म्हणून लोक त्याला पटकन तिसरा-चौथा करतात, ते मला अजिबात पटत नाही.

जुना_शिकागोकर:
ताई, फोर्टेबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातल्या एकाही शब्दाला माझा विरोध नाही, ब्लॉकिंगचा मुद्दा तर फार छान काढलात. पण आता सेयर्सचं ऐका.

१९६५ च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू क्रमानं निवडतात तेव्हा) बेअर्सनी लागोपाठ दोन खेळाडू घेतले, तिसऱ्या नंबरवर डिक बटकस आणि चौथ्यावर गेल सेयर्स. एका दुपारी दोन हॉल ऑफ फेमवाले (खेळातल्या दिग्गजांना मिळणारा मान). पहिल्या वर्षी सेयर्सचे २२ टचडाउन, १४ सामन्यांत, आणि ते कसे तर धावून, कॅच घेऊन, समोरच्यांनी लाथेनं मारलेला बॉल (पंट किंवा किकऑफ) पकडून परत आणून, सगळ्या प्रकारे. १२ डिसेंबर १९६५ चा सामना रिग्ली फील्ड या बेसबॉलच्या मैदानावर, हो तेव्हा बेअर्स तिथंच खेळायचे, समोर सॅन फ्रान्सिस्कोचे फोर्टी नाइनर्स, पावसानं मैदानाचा चिखल झालेला, बाकीचे सगळे घसरून पडतायत आणि हा जणू कोरड्या जमिनीवर पळतोय. त्या एका सामन्यात सहा टचडाउन. पहिला ८० यार्डांचा छोट्या पासवरून, शेवटचा ८५ यार्डांचा पंट रिटर्न. तुमच्या पोरानं हीच क्लिप बघितली असणार.

मग १० नोव्हेंबर १९६८. परत फोर्टी नाइनर्स, उजव्या गुडघ्याची लिगामेंट तुटली. त्या आधीच्या आठवड्यात त्यानं ग्रीन बेला २०५ यार्ड काढले होते, म्हणजे तो ऐन भरात होता. आज गुडघ्याचं ऑपरेशन दुर्बिणीनं होतं, नऊ-दहा महिन्यांत खेळाडू परत पळतो, तेव्हा पाय उघडून शिवायचे आणि बहुतेकांचा खेळ तिथंच संपायचा. सेयर्स पुढच्याच वर्षी परत आला आणि १,०३२ यार्ड काढून लीगमध्ये पहिला आला, तेही ज्या टीमनं त्या वर्षी १४ पैकी फक्त १ सामना जिंकला त्या टीममध्ये! पहिल्यासारखी ती वाऱ्यासारखी वळणं नव्हती राहिली, आता तो सरळ घुसून एकेक यार्ड ओढून काढत होता. माझ्या दृष्टीनं त्याचं सगळ्यात मोठं वर्ष १९६५ नाही, १९६९ आहे.

१९७० ला दुसरा गुडघा गेला. त्याच वर्षी त्याला धैर्याबद्दल पुरस्कार मिळाला तेव्हा त्यानं व्यासपीठावरून सांगितलं की हा ब्रायन पिकोलोचा आहे. पिकोलो म्हणजे त्याच टीममधला दुसरा रनिंग बॅक, सेयर्सचा रूममेट, एक गोरा एक काळा, त्या काळात अशी जोडी एका खोलीत ठेवणं ही साधी गोष्ट नव्हती. सेयर्सचा पाय बरा होत असताना त्याला रोज व्यायामाला ढकलणारा पिकोलोच होता, आणि मग कॅन्सरनं तोच गेला, जून १९७० मध्ये, वय २६.

सेयर्सला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा तो ३४ वर्षांचा होता, इतक्या लहान वयात आजवर कुणी गेलं नाही. निवड करणाऱ्यांनासुद्धा ६८ सामने पुरेसे वाटले. किकऑफ परत आणण्याची त्याची सरासरी ३०.५६ यार्ड, ती कारकिर्दीची सरासरी आजही सगळ्यांच्या वर आहे. म्हणून म्हणतो, फोर्टेनं जे केलं ते खूप मोठं, पण तसं करणारे लीगमध्ये दुसरे आहेत. सेयर्ससारखं पळणारा मी नंतर फक्त डेट्रॉइटचा बॅरी सँडर्स बघितला.

तालमीतला:
सगळेजण टीव्हीवर दिसणाऱ्यांपासूनच सुरुवात करतात म्हणून मला लिहावं लागतंय. ब्रॉन्को नगुर्स्की चौथा? मी कोल्हापूरचा, आमच्याकडे ताकद कशी बघायची ते लहानपणापासून शिकवतात, म्हणून या माणसावर माझं फार प्रेम आहे.

जन्म कॅनडाच्या ओंटारिओत, वाढला मिनेसोटाच्या अगदी वरच्या टोकाला इंटरनॅशनल फॉल्सला. १९३० ते ३७ बेअर्सचा फुलबॅक (ताकदीनं सरळ घुसणारा रनिंग बॅक), वजन शंभर किलोच्या वर, त्या काळात समोरच्या लाइनमधले लोकसुद्धा त्याच्यापेक्षा हलके असायचे. बॉल घेऊन घुसायचा, बचावात समोरच्याला पाडायचा, आणि पासही टाकायचा. १९३२ ची चॅम्पियनशिप ठरवणारा सामना बर्फामुळे शिकागो स्टेडियमच्या छताखाली खेळवला, मैदान जेमतेम ८० यार्डांचं, त्यात नगुर्स्कीनं धावतोय असं दाखवून मागे सरकून टीममधल्याच रेड ग्रेंजला पास टाकला आणि टचडाउन झाला. समोरच्यांनी हरकत घेतली कारण तेव्हा पास टाकणारा लाइनपासून पाच यार्ड मागे असायलाच हवा असा नियम होता. १९३३ ला तो नियमच काढून टाकला. आज क्वार्टरबॅक लाइनच्या मागून हवं तिथून पास टाकतो त्यात या सामन्याचा वाटा आहे!

१९३४ ला बेअर्सच्याच बीटी फेदर्सनं लीगमधला पहिला हजार यार्डांचा सीझन केला, १,००४, प्रत्येक धावेला सरासरी आठ यार्डांच्या वर. ती वाट कोण करून देत होतं? पुढे नगुर्स्की. मग हा माणूस खेळ सोडून कुस्तीत गेला, व्यावसायिक कुस्तीत जगज्जेतेपद मिळवलं, आणि १९४३ ला युद्धामुळे टीममध्ये माणसं उरली नाहीत तेव्हा सहा वर्षांनी परत आला, आधी टॅकल (पुढच्या लाइनमधली जागा) म्हणून, सीझनच्या शेवटी पुन्हा फुलबॅक, आणि वॉशिंग्टनविरुद्धच्या फायनलमध्ये टचडाउन करून चॅम्पियनशिप जिंकून घरी गेला.

ग्रेंजलाही कुणी विसरू नका. शिकागोजवळच्या व्हीटनचा पोरगा, उन्हाळ्यात घरोघरी बर्फाच्या लाद्या पोचवून अंग कमावलेला. नोव्हेंबर १९२५ ला कॉलेजचा शेवटचा सामना झाल्या झाल्या बेअर्समध्ये आला आणि थँक्सगिव्हिंगला कार्डिनल्सविरुद्ध त्याला बघायला ३६ हजार लोक आले, सामना ०-० सुटला तरी. त्या आधी प्रोफेशनल फुटबॉलला कॉलेजच्या खेळापुढे काही किंमतच नव्हती. बेअर्ससाठी यार्ड किती ते बाजूला ठेवा, तो आला म्हणून तर लोक हा खेळ पैसे देऊन बघायला लागले.

माझी यादी: पेटन, नगुर्स्की, सेयर्स, फोर्टे, कसारेस. कसारेस कारण १९५६ ला बारा सामन्यांत १,१२६ यार्ड, लीगमध्ये पहिला, आणि दुखतंय म्हणून हा गडी कधी बाहेर बसायचा नाही अशी त्याची ख्याती होती.

विस्कॉन्सिनची_सून:
मी पॅकर्सवाली, लग्न होऊन ग्रीन बेजवळ आले आणि सासरी दुसरा धर्मच नाही. तरी या धाग्यावर लिहितेय कारण पेटनबद्दल आहे.

पेटन १ नोव्हेंबर १९९९ ला गेला, ४५ व्या वर्षी. लिव्हरचा दुर्मिळ आजार होता, ट्रान्सप्लांटची वाट बघत होता आणि मग पित्तनलिकेचा कॅन्सर निघाला त्यामुळे ट्रान्सप्लांटही करता येईना. स्वतःला अवयव मिळणार नाही हे कळल्यावरही तो लोकांना अवयवदानाची नोंदणी करा म्हणून सांगत राहिला. ६ तारखेला सोल्जर फील्डवर शोकसभा झाली आणि दुसऱ्याच दिवशी बेअर्स आमच्याकडे लँबो मैदानावर खेळायला. बेअर्स १४-१३ नं पुढे, शेवटचे काही सेकंद, आमचा साधा जवळचा फील्ड गोल (लाथ मारून बॉल खांबांमधून घालायचा, तीन गुण), तो गेला की आम्ही जिंकलो. आणि बेअर्सच्या ब्रायन रॉबिन्सननं हात वर करून तो अडवला. नंतर तो म्हणाला की वॉल्टरनं मला वर उचललं. त्याआधी सलग दहा सामने आम्ही बेअर्सना हरवलं होतं. माझे सासरे, कट्टर पॅकर्सवाले, टीव्ही बंद केला आणि म्हणाले, आज हे असंच व्हायला हवं होतं. त्या घरात बेअर्सबद्दल असं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

दुसऱ्या नंबरबद्दल, आमच्या घरात ज्याची सगळ्यात भीती वाटायची तो सेयर्स, सासरे १९६८ चे ते २०५ यार्ड अजून विसरलेले नाहीत.

फॉक्सव्हॅलीवाला:
किती छान लिहिलंत सगळ्यांनी. काल रात्री जेवण झाल्यावर पोराला आणि बायकोला सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. पोरानं १९६९ चा सीझन आधी कधी बघितलाच नव्हता, १९६५ चंच वेड होतं त्याला. काकांची पोस्ट ऐकली आणि तो गप्प बसला, मग म्हणाला, पाय दुखत असताना लीगमध्ये पहिला? मग रात्री अकरापर्यंत शोधत बसला. त्याला मागच्या वर्षी घोट्याला लागलं होतं, दोन महिने बाहेर होता, आणि मैदानावर परत गेला तेव्हा पहिल्यासारखा वेग येत नाही म्हणून खूप रडला होता, तर मला वाटतं ते त्याच्या आत कुठेतरी लागलं.

पेटनच्या १९७७ बद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मीच लिहितो. २० नोव्हेंबर, व्हायकिंग्जविरुद्ध, अंगात ताप, फ्लू, आणि ४० वेळा बॉल घेऊन २७५ यार्ड. टीमनं सामना जिंकला १०-७, म्हणजे त्याच्याशिवाय दुसरं काही चालतच नव्हतं. तो आकडा २००० पर्यंत कुणाला गाठता आला नाही. त्या सीझनला १४ सामन्यांत १,८५२ यार्ड, लीगचा एमव्हीपी (वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू), आणि १९६३ नंतर पहिल्यांदा बेअर्स प्लेऑफला (बाद फेरीत).

सुधारलेली यादी: पेटन, सेयर्स, नगुर्स्की, फोर्टे, कसारेस. तालमीतल्या दादांचं बरंच पटलं, पण दुसरा देऊ शकत नाही, माफ करा. मित्राला अजून दाखवली नाहीये, रविवारी येतोय.

आकडेमोड_पुणे:
यादी बघितली. फोर्टे चौथा, ठीक आहे, मला नगुर्स्कीबद्दल इतकं माहीत नव्हतं आणि १९३२ चा किस्सा वाचून मी गप्प झाले. पण माझ्याकडे तो दुसराच राहणार.

आणि नील अँडरसनला एकदम बाहेर काढलंत ते चुकलं. पेटन गेल्यावर त्याच जागेवर उभं राहायचं होतं त्याला, सगळं शहर बघतंय, आणि त्यानं १९८८, ८९, ९० असे सलग तीन सीझन हजाराच्या वर काढले, चार वेळा प्रो बोलला (लीगच्या निवडक खेळाडूंच्या सामन्याला) गेला. कसारेसचा हजाराचा सीझन एकच आहे, हे मान्य की तेव्हा सामने बाराच असायचे, तरी. तालमीतले दादा, तुम्ही अँडरसनला खेळताना बघितलंय का? बघितलं असेल तर कसारेस वर का ते नीट लिहा, मी परत येऊन वाचते.